लुआंटीत पहिलं काम कुठे करावं: इंजिनात की मॉडमध्ये?

लुआंटी म्हणजे ठोकळ्यांच्या जगातले खेळ बनवायचं आणि खेळायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याला हातभार लावायचा आणि त्या निमित्ताने आपलं कोडिंगही पक्कं करायचं, असं ठरवणाऱ्यांपुढे दोन दारं असतात. एक इंजिनाचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गाभ्याचं, सी प्लस प्लसचं. दुसरं मॉडचं, म्हणजे खेळात भर घालणाऱ्या जोडणीचं, लुआ या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेचं. मी दोन्हीकडे काम केलंय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण इंजिनाची बाजूही भक्कम आहे, म्हणून आधी तीच मांडतो.

इंजिनात शिकायला मिळतं ते खरोखर खोलवरचं. जग 16×16×16 ठोकळ्यांच्या तुकड्यांत (मॅपब्लॉकमध्ये) कसं साठवतात, नवा भूभाग वेगळ्या थ्रेडवर कसा तयार होतो, सर्व्हर आणि क्लायंट यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवरून काय बोलतात, हे सगळं तिथे चालत्या कोडमध्ये बघता येतं. एकट्याने खेळतानाही आत एक सर्व्हर चालू असतो, हे पुस्तकात वाचून नुसतं समजतं. डीबगर लावून दोन्ही बाजू थांबवून पाहिल्या की पटतं. मेमरी आणि पॉइंटर यांची भीती घालवायची असेल, तर हे काम करण्यासारखं आहे. शिवाय कंपायलर कडक आहे. स्ट्रक्टमधल्या फील्डचं नाव चुकलं तर तो तिथेच अडवतो.

मग अडलं कुठे? वाट बघण्यात.

पहिला बिल्ड (सगळा कोड कंपाइल करून प्रोग्राम तयार करणं) वेळखाऊ असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तो एकदाच करायचा असतो. त्रास होतो तो नंतर. एखाद्या सीपीपी फाइलमधली ओळ बदलली तर काम पटकन उरकतं. पण नोडच्या (जगातल्या ठोकळ्याच्या) व्याख्येच्या हेडरला, म्हणजे अनेक फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामायिक फाइलला, हात लावला, की तो हेडर जिथे जिथे घेतलाय त्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल व्हायला लागतात. बदल केवढा? एक बूलियन वाढवला. तो वाढवून प्रगतीची टक्केवारी सरकताना बघत बसायचं, मग लिंक होताना थांबायचं, मग खेळ उघडून जगात जायचं, आणि तोवर आपण नेमकं काय तपासायला निघालो होतो तेच डोक्यातून निसटलेलं असायचं. अनुभवी माणसाला हे चालतं, कारण तो एका बिल्डमध्ये बरंच काही अचूक बसवतो. शिकणारा मात्र बदल करून बघतच शिकतो. 'हे असं केलं तर काय होईल?' हा प्रश्न महाग पडायला लागला की तो विचारणंच कमी होतं. माझं तसंच व्हायला लागलं होतं, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. वेगवान यंत्र असलेल्यांना हा त्रास कदाचित एवढा जाणवणार नाही.

मॉडमध्ये हे अंतर जवळजवळ नाहीसंच होतं. एक फोल्डर, त्यात मॉड डॉट कॉन्फ आणि इनिट डॉट लुआ, बस. ओळ बदला, जगातून बाहेर पडा, परत आत जा, बदल समोर. चूक असेल तर खेळ बंद पडून मुख्य मेनूवर येतो आणि फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक नि कोणत्या फंक्शनमधून कोड तिथवर पोचला त्याची यादी दाखवतो. सी प्लस प्लसच्या सेगफॉल्टनंतर (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळल्यावर) डीबगर काढून बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

लुआचा त्रासही सांगायला हवा. नोड नोंदवताना जी टेबल देतो, तिच्यात 'ग्रुप्स' ऐवजी 'ग्रुप' लिहिलं तर कोणीही हरकत घेत नाही. ठोकळा तयार होतो, छान दिसतो, जगात ठेवताही येतो, फक्त कुठल्याच अवजाराने खणला जात नाही. लॉगमध्ये एक अक्षर नाही. लुआच्या दृष्टीने आपण टेबलमध्ये एक वेगळं फील्ड टाकलंय, एवढंच. न घोषित केलेल्या ग्लोबल व्हेरिएबलबद्दल इंजिन इशारा देतं, लुआचेक हे कोड तपासणारं साधनही बरंच पकडतं, पण टेबलमधल्या असल्या चुका स्वतःच्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. एपीआयचा दस्तऐवज शेजारच्या खिडकीत उघडा ठेवायची सवय मला यातूनच लागली.

रिव्ह्यूचं म्हणाल, तर प्रकल्प 2010 मध्ये पेर्टू आहोला यांनी मिनटेस्ट या नावाने छंद म्हणून सुरू केला आणि 2024 मध्ये नाव बदलल्यानंतरही तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालतो. इंजिनाच्या पुल रिक्वेस्टला (आपला बदल सामील करून घ्यायच्या विनंतीला) साधारणपणे दोन मुख्य डेव्हलपरांची संमती लागते. ती मिळायला वेळ लागतो, पण जे शेरे येतात ते सोन्यासारखे असतात. मॉडमध्ये सगळं मालकावर अवलंबून: कोणी त्याच संध्याकाळी मर्ज करतो, कोणी मॉड सोडून गेलेला असतो. स्वतःचा मॉड कंटेंटडीबीवर, म्हणजे लुआंटीच्या मॉड-खेळांच्या संग्रहावर, टाकला तर प्रसिद्ध होण्याआधी तो तपासला जातो, पण कोडची बारकाईने चिरफाड होईल अशी अपेक्षा धरू नये. इथे इंजिन उजवं आहे, हे मान्यच.

यावर एक मधला मार्ग आहे, आणि तो फारसा सुचवला जात नाही. इंजिनाच्या रिपॉझिटरीतच बिल्टइन नावाचं फोल्डर आहे आणि ते लुआत आहे. मुख्य मेनू, चॅटमधल्या कित्येक आज्ञा, आधार काढला की वाळू खाली कशी पडते त्याचं तर्कशास्त्र, हे सगळं तिथे आहे. म्हणजे कंपाइल न करता बदल करून बघता येतो आणि पुल रिक्वेस्ट मात्र थेट इंजिनाला जाते, तोच कडक रिव्ह्यू मिळतो. कोणी मला विचारलं तर मी सुचवेन की आधी एखादा लहान मॉड पूर्ण करा, मग वाळू पडण्याचं तर्कशास्त्र असलेली फॉलिंग डॉट लुआ वाचायला घ्या आणि बिल्टइनमधलाच एखादा लहान बग निवडा.

पडद्यावर चित्र उमटवणं (रेंडरिंग), नेटवर्क किंवा भूभागनिर्मितीचा गाभा हीच तुमची ओढ असेल, तर सी प्लस प्लसला पर्याय नाही, सरळ तिकडेच जा. फक्त पहिल्या दिवशीच निन्जा आणि सीकॅश ही बिल्ड वेगवान करणारी साधनं बसवून घ्या, आणि हेडरमधले बदल साठवून एकदम करा.