जुन्या सरकारी वास्तूला चुना लावायचा की सिमेंट?

आमच्याकडं रत्नागिरी साईडला जांभ्याची (लाल दगडाची) जुनी सरकारी इमारत आहे, तिच्या दुरुस्तीचं एस्टिमेट करताना भाच्याने विचारलं, मामा, चुना घेऊ की सिमेंट, म्हणून सविस्तर लिहितोय.

खर्च बघितला तर सिमेंट स्वस्त. दुकानातून गोणी आणली की काम सुरू, गवंडीही कुठेही मिळतो. चुना पाण्यात विरवायला आठवडे जातात, त्यातलं कळणारा कारागीर शोधावा लागतो आणि मजुरी वाढते.

पण टिकण्याचं बघ. जांभा सच्छिद्र, इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंत पाणी पिणारच. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटचा थर मात्र ती आतच कोंडतो, मग ती खारी ओल आत सुकताना चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, आतून भुसभुशीत होतो. मी एका वास्तूत सिमेंटचा पोपडा नखाने उचलला तर मागे लाल चिऱ्याची पूड हातात आली, फार वाईट वाटलं. आणि ते सिमेंट काढायला गेलं की चिऱ्याचे टवकेही उडतात, चुना मात्र छिन्नीने हळू निघतो.

चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे काम पावसाळा संपल्यावरच काढायचं, दिवाळीनंतर उत्तम.

रत्नागिरीतल्या थिबा पॅलेससारख्या 1910 च्या वास्तूला किंवा जांभ्याच्या कुठल्याही जुन्या भिंतीला चुनाच घे. सिमेंट आवारातल्या नव्या टॉयलेटला, पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याला वापर, जुन्या भिंतीला चिकटवू नकोस.