लिन ब्रेनिग, नॉर्थ वेल्स: जमलं तर बोटच घ्या

बाबा मिरजेहून आले होते. कृष्णेच्या घाटावर कणकेच्या गोळीवर मासे धरत त्यांचं लहानपण गेलं, म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी दोघांसाठी बोट घेतली आणि चेस्टरहून निघालो.

लिन ब्रेनिग म्हणजे उंच माळरानावरचं धरण. डी नदीला उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून बांधलेलं, १९७६ साली पुरं झालेलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० फूट उंची आणि पाण्यावर वाऱ्याला आडोसा फारसा नाही, त्यामुळे मे असला तरी कानटोपी न्याच. वारा असताना काठावरून दोर फेकणं नवख्याला जड जातं. बोटीत मात्र वारा पाठीवर घ्यायचा, मागे पाण्यात ड्रोग (कापडी छत्रीच ती) सोडायचा आणि संथ वाहत जायचं.

इथले रेनबो ट्राउट बाहेरून आणून सोडलेले असतात. ‘सोडलेल्या माशात कसलं आलंय कसब?’ असं ऑफिसातले दोघेतिघे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. भडक केशरी माशी (गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेला नकली किडा) लावून आम्ही दोन तास फेकत होतो, तेव्हा कुठे एक मासा लागला. बाबा म्हणाले, “अगं, तो खातोय काय ते बघ आधी.” मारलेल्या माशाच्या घशातून लांब चमचा घालून पोटातलं बाहेर काढलं आणि पांढऱ्या झाकणात पाणी घेऊन त्यात सोडलं. स्वल्पविरामासारखे वाकलेले काळे कोष, पंचवीस-तीस तरी असतील, दोन अजून वळवळत होते. पाण्यात वाढणाऱ्या चिलटांचे ते कोष. इथे त्यांना बझर म्हणतात.

मग त्या कोषांसारखी दिसणारी ‘डिआउल बाख’ नावाची माशी बांधली. वेल्श भाषेत अर्थ छोटा सैतान. मोरपिसाच्या तंतूंचं बारीक अंग, खाली कोंबडीच्या पिसाची दाढी. तरंगती दोरी, लांब लीडर (दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा), आणि ओढायचं जवळजवळ नाहीच. बाबांच्या हाताला तासाभरात तीन मासे लागले. मोरपीस बघून ते किती वेळ ती माशी बोटांवर फिरवत बसले होते!

एकच चुटपुट लागली. ऑनलाइन मागवलेल्या जाळ्याचा दांडा तिसऱ्या माशाच्या वेळी सांध्यातून निसटला आणि बोटीला टेकलेला मासा गेला. जाळं दुकानात हाताळूनच घ्या.

रॉड लायसन्स (गळाने मासे धरायचा सरकारी परवाना) प्रत्येकाचं वेगळं काढावं लागतं, पाहुण्यांनाही. एका दिवसाचं मिळतं. या धरणावर मासे धरायचं परमिट आणि बोटीचे पैसे त्यात धरलेले नसतात. बाबांचा परतीचा प्रवास जूनमध्ये आहे, त्याआधीचा एक शनिवार मी आत्ताच सांगून ठेवलाय.