राज्यशास्त्र ऑनर्स, भर आंतरराष्ट्रीय संबंधांवर: निपाणीकडून वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. बी.ए.चं चौथं वर्ष घ्यावं, पण डिझर्टेशनसाठी, म्हणजे प्रबंधासाठी. नावापुढे ‘ऑनर्स’ लागावं एवढ्यासाठी घेणार असाल तर फी आणि बसचा वेळ दोन्ही वाचवा. आमच्या भागात तो शिक्का लग्नपत्रिकेच्या पलीकडे कोणी वाचत नाही.

मी २०२२ मध्ये बी.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा कर्नाटकात नवीन शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना चालू होती. चौथं वर्ष आता संपत आलंय, डिझर्टेशनची तोंडी परीक्षाही झाली, म्हणून लिहितेय. आंतरराष्ट्रीय संबंध ही वेगळी पदवी आपल्या बेळगाव जिल्ह्यात शोधत बसू नका. विषय असतो राज्यशास्त्र, त्यातच आंतरराष्ट्रीय राजकारण आणि परराष्ट्र धोरणाचे पेपर येतात. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटची आहे. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा प्रबंध करावा लागतो. आम्ही त्यालाच डिझर्टेशन म्हणतो.

पहिल्या तीन वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सीनियरच्या नोट्स, मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘इम्पॉर्टंट’ एवढ्यावर फर्स्ट क्लास निघतो. वास्तववाद म्हणजे काय, त्यातल्या मॉर्गेन्थाऊ या विचारवंताची सहा तत्त्वं लिहा, अलिप्ततावादाची आजची प्रस्तुतता सांगा. उत्तर तेच, फक्त चालू घडामोडींचा परिच्छेद बदलायचा. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या अर्ध्या पुस्तकांत सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. सर चांगले होते, पण राज्यघटनेपासून लोकप्रशासनापर्यंत सगळं एकटेच शिकवायचे. त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार!

सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं ते विषयाच्या नावावरून. “आंतरराष्ट्रीय कशाला? आधी आपला सीमाप्रश्न सोडव की!” हे आमचे मामा दर गणपतीला म्हणतात. गंमत म्हणजे सार्वभौमत्व ही कल्पना मला वर्गात नाही, मामांशी वाद घालताना कळली. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण हा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात का जाऊ शकत नाही, तर तिथे फक्त सार्वभौम देश पक्षकार होतात, हे त्यांना पटवताना माझी दमछाक झाली. म्हादईचंही तसंच. खानापूर तालुक्यातून निघणाऱ्या या नदीच्या पाण्याचा निवाडा २०१८ मध्ये लवादाने दिला आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आलं. तो लवाद केंद्राच्या कायद्याखालचा. सिंधू पाणीवाटप करार १९६० चा, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने भारत आणि पाकिस्तान या दोन देशांत झालेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. गोव्याला किंवा कर्नाटकाला लवादाचा निवाडा असा एकतर्फी स्थगित ठेवता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, अर्धा अभ्यासक्रम तिथेच समजतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे डिझर्टेशन.

सातव्या सत्रात विषय ठरवायचा होता. वर्गातले बहुतेक जण ‘भारत-चीन संबंध’, ‘क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाचा गट) आणि हिंद-प्रशांत’ अशा विषयांमागे लागले, कारण इंटरनेटवर साहित्य ढिगाने मिळतं. मी घेतला तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार आणि निपाणीचा बिडी तंबाखू. जागतिक आरोग्य संघटनेचा हा करार २००३ मध्ये मंजूर झाला. भारताने २००४ च्या फेब्रुवारीत त्याला मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. करार जिनिव्हात होतो आणि त्याचा हिशेब आमच्या वखारीत निघतो, हे मला दाखवायचं होतं. मूळ मसुदा संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि भाषा वाटते तितकी अवघड नाही. आधी तोच वाचा, त्यावरचे लेख नंतर. कलम ११ मध्ये पाकिटावरच्या इशाऱ्यासाठी आकडा आहे: निदान ३० टक्के जागा, शक्यतो ५० किंवा त्याहून जास्त, आणि तीन वर्षांची मुदत. कलम १७ तंबाखू पिकवणाऱ्या आणि त्यात राबणाऱ्यांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे. त्यात आकडाही नाही, मुदतही नाही. माझं सगळं डिझर्टेशन या फरकावर उभं आहे.

पुढचे धागे आपोआप सापडत गेले. ८५ टक्के जागेवर इशारा छापण्याचा नियम २०१६ मध्ये लागू झाला. त्याविरुद्ध देशभरातले खटले कर्नाटक उच्च न्यायालयाकडे आले. डिसेंबर २०१७ मध्ये त्या न्यायालयाने नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे इशाऱ्याच्या आकारासाठी एवढी न्यायालयीन लढाई. पर्यायी रोजगारासाठी भांडायला कंपनी कुठली असणार? १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ आलं, पण ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचं. आमचा बिडी तंबाखू त्याच्या बाहेर. १९८१ चं निपाणीचं आंदोलन भावासाठी होतं, त्यात गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. तो इतिहास घरोघर सांगितला जातो, पण त्याच पिकावर पुढे जागतिक करार झाला हे मला चौथ्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मुलाखतींसाठी एका वखारीत गेले. चाळणीजवळ उभी राहिले आणि पहिल्या दहा मिनिटांत इतका ठसका लागला की प्रश्नांचा कागद पिशवीतच राहिला. बायका पदराने नाक-तोंड बांधून चाळत होत्या, भुवयांवर तपकिरी भुकटी. करार म्हणजे काय ते मी आपल्या परीने सांगितलं. एक आक्का हात न थांबवता म्हणाल्या, “बंद करा म्हंतासा, करा की. पर आमी कुटं जायाचं ते बी लिवलंय का त्यात?” लिहिलंय, पण कधीपर्यंत ते नाही लिहिलं, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. तो प्रश्न मी पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला घातला. गाईडना तो ‘अकॅडमिक’ वाटला नाही, काढ म्हणाले. मी नाही काढला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, करार बंधनकारक आहे तर तंबाखू पिकवण्यावर बंदी का नाही? हा प्रश्न हमखास येतो, तयारी ठेवा. करारात लागवडीवर बंदी नाहीच. भर मागणी कमी करण्यावर आहे, म्हणजे कर, इशारे, जाहिरातबंदी. पुरवठ्याच्या बाजूला चोरटा व्यापार, अल्पवयीनांना विक्री आणि हे पर्यायी रोजगाराचं कलम. मॅडम खूष दिसल्या. रँक मात्र ‘क्वाड’वाल्या मैत्रिणीला मिळेल असं दिसतंय, आणि तिचं काम खरंच नीटनेटकं आहे.

खर्चाचं म्हणाल तर जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे आम्हा मुलींना कर्नाटकच्या साध्या बसचं तिकीट शून्य रुपयाचं. बेळगावच्या फेऱ्या त्यावरच निभावल्या. कोल्हापूर जवळ असून तिथे जाताना मात्र पैसे मोजावे लागतात. इंग्रजीचा त्रास मराठी माध्यमातून आलेल्यांना होणारच. मला तरी परीक्षेपेक्षा तळटीपा लिहिताना जास्त झाला.

आता कोणी घ्यावं? पुढे पीएच.डी. किंवा नेट (पीएच.डी. आणि प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) करायचं असेल त्यांनी जरूर. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए.शिवाय नेटला बसता येतं, आणि एम.ए. केलंच तर ते एका वर्षात होऊ शकतं. जेएनयूसारख्या ठिकाणी जायचं असेल तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेची तयारी सातव्या सत्रातच सुरू करा, आठव्यात डिझर्टेशन मान वर काढू देत नाही. नुसती यूपीएससी डोक्यात असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. चौथं वर्ष त्या अभ्यासाला द्या.

एक महत्त्वाचं: कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे. त्या वर्षी किंवा त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांनी माझ्या अनुभवावर विसंबून चौथं वर्ष गृहीत धरू नका. कॉलेजच्या ऑफिसात तोंडी विचारू नका, विद्यापीठाचं परिपत्रक मागून घ्या.