इंटल की डे-जेएस?

तारखेची स्ट्रिंग (मजकूर) करायला जावास्क्रिप्टमधलंच इंटल (Intl) वापरू की डे-जेएस (Day.js) ही तारखांची वेगळी लायब्ररी टाकू, यात अडकला असशील तर वजनाचं सोड, इंटल आयतं मिळतं आणि डे-जेएस जेमतेम २ केबी. टाइमझोन इंटलला नुसता ऑप्शन म्हणून देता येतो, डे-जेएसला त्यासाठी दोन प्लगिन जोडावे लागतात. मराठी सांगितलं की इंटल महिने आणि आकडेही मराठीत देतं, भारीच. पण नेमकं काय छापलं जाईल ते आपल्या हातात नाही! नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या Node.js च्या) २० व्या आवृत्तीत इंटलच्या वेळेत एएम-पीएमच्या आधीची स्पेस बदलून भलतंच बारीक स्पेसचं कॅरेक्टर आलं, डोळ्याला काही दिसेना आणि माझ्या टेस्ट धडाधड फेल. डे-जेएस दिलेला पॅटर्न तस्साच छापतो. युजरला दाखवायचंय तर इंटल, फाइलच्या नावात किंवा ठरलेल्या साच्यात हवंय तर डे-जेएस.