शब्दखेळाला काचेचा निऑन की एलईडी फ्लेक्स?

अमेरिकन कलाकार ब्रूस नॉमनच्या १९७२ च्या निऑन दिव्यांच्या कामात इंग्रजी 'डेथ'च्या स्पेलिंगमधलंच 'ईट' वेगळं उजळतं. असं काही करायचं असेल तर आधी अक्षरांची वळणं बघा. एलईडी फ्लेक्स म्हणजे लवचिक आवरणात बसवलेली एलईडी दिव्यांची पट्टी; तो फार घट्ट वळवला की आतली पट्टी तुटते, तेवढा तुकडा विझतो; कापताही येतो तो ठरावीक खुणांवरच. निऑनची काच, म्हणजे वायू भरायची नळी, ज्योतीवर तापवून हवी तशी वळते, अक्षरांमधली जोडनळी काळ्या रंगाने झाकता येते. आणि तिचा उजेड चहूबाजूंनी पसरतो, हे फार मोलाचं.

खर्चात, वाहतुकीत फ्लेक्स सरस. त्याला बहुधा १२ व्होल्ट पुरतात. काचेला हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि मुरलेला कारागीर लागतो. उघडझाप होणाऱ्या प्रत्येक शब्दाला वेगळं सर्किट मात्र दोन्हींत हवंच.

फिरत्या प्रदर्शनाला फ्लेक्स घ्या. बारीक अक्षरांच्या कायमच्या कामाला काचच.