यू-बूटमध्ये कीबोर्ड दिसत नाही: हब लावावा, सेटिंग बदलावं की नव्याने बिल्ड करावं?

लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला वीज दिली, स्क्रीनवर यू-बूटची, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरची, उलटी मोजणी सुरू झाली. ती थांबवायला तुम्ही कळा दाबत राहता आणि बोर्ड ऐकून न घेता लिनक्सकडे निघून जातो. लिनक्समध्ये मात्र तोच कीबोर्ड बिनतक्रार चालतो. अशा वेळी कुणी सांगतं कीबोर्ड बदल, कुणी सांगतं मधे हब लाव, तर कुणी थेट यू-बूटच सोर्समधून नव्याने बिल्ड करायला लावतं. तिन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिन्हींचा आजार वेगळा आहे. म्हणून कुठल्याही उपायाला हात घालण्याआधी सिरीयल केबल, म्हणजे बोर्डाच्या सिरीयल पिना संगणकाला जोडणारा यूएसबी अडॅप्टर, जोडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कीबोर्डच चालत नसताना बूटलोडरला प्रश्न विचारायची दुसरी सोय आपल्याकडे नसते.

अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, कारण ५ व्होल्टचे सिग्नल देणारा अडॅप्टर चिप जाळू शकतो. बोर्डाचा टीएक्स (पाठवणारी पिन) अडॅप्टरच्या आरएक्सला (ऐकणारी पिन), बोर्डाचा आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडा. अडॅप्टरची विजेची पिन मोकळी सोडा. बहुतेक बोर्डांवर वेग ११५२०० बॉड असतो, पण रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर तो १५००००० असतो. अडॅप्टर घेताना हे पाहून घ्या. जुनी सीपी२१०२ चिप १० लाखांपर्यंतच जाते, मग टर्मिनलवर नुसती गिचमीड अक्षरं येतात आणि आपण उगाच वायरी तपासत बसतो.

आता सिरीयलवरून मोजणी थांबवा, ‘यूएसबी स्टार्ट’ ही आज्ञा द्या आणि मग ‘यूएसबी ट्री’. निर्णय याच आउटपुटवर अवलंबून आहे. वरती ‘हब’ आणि कंसात ४८० एमबी (सेकंदाला मेगाबिट) वेग दिसेल, तो यूएसबी कंट्रोलरचा स्वतःचा रूट हब. त्याखाली ‘ह्यूमन इंटरफेस’ आणि १.५ किंवा १२ एमबी अशी ओळ आहे का, ते बघा.

ओळ असेल तर कीबोर्ड सापडलेला आहे, फक्त त्याचं ऐकलं जात नाहीये. इथे नवा हब घेऊन काही साधणार नाही. ‘कॉनइन्फो’ ही आज्ञा देऊन इनपुट-आउटपुट उपकरणांच्या यादीत ‘यूएसबीकेबीडी’ आहे का पाहा. असेल तर एसटीडीइनमध्ये (कळा कुठून ऐकायच्या ते ठरवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ‘सीरियल,यूएसबीकेबीडी’ अशी दोन्ही नावं भरा, कळा उमटतात का ते तपासा आणि मगच सेव्ह करा. ‘सीरियल’ काढून टाकायचा मोह टाळा, कारण एखाद्या दिवशी कीबोर्ड सापडला नाही तर आत शिरायला वाट उरणार नाही. आताच्या आता कळा चालतात पण पुढच्या बूटला मोजणी थांबत नाही, असं झालं तर ‘यूएसबी स्टार्ट’ वेळेवर होत नाहीये. ती आज्ञा ‘प्रीबूट’ या व्हेरिएबलमध्ये टाका, म्हणजे ती मोजणीच्या आधी चालेल. त्याबदल्यात प्रत्येक बूट थोडं लांबतं. कीबोर्ड खरंच लागत असेल तर ती किंमत मोजण्यासारखी आहे.

ट्रीमध्ये ओळ आहे, पण कॉनइन्फोमध्ये ‘यूएसबीकेबीडी’ नाही? मग एकतर बिल्डमध्ये कीबोर्डचा ड्रायव्हरच नाही, किंवा कीबोर्ड जरा जास्तच हुशार आहे. यू-बूटचा ड्रायव्हर ‘बूट प्रोटोकॉल’वाला कीबोर्ड शोधतो. त्यात ८ बाइटचा साधा रिपोर्ट येतो: १ बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांसाठी, १ राखीव आणि ६ दाबलेल्या कळांसाठी. गेमिंग कीबोर्ड आणि माउससोबत येणारे वायरलेस रिसीव्हर अनेक इंटरफेस घेऊन येतात, तिथे गडबड होऊ शकते. या एका प्रसंगात कीबोर्ड बदलणं हा पहिला उपाय. साधा, वायरवाला, दिवे नसलेला कीबोर्ड लावून बघा.

आणि ट्रीमध्ये नुसता रूट हबच दिसत असेल तर? माझ्याकडच्या एका बोर्डावर हेच झालं होतं. दोन संध्याकाळी मी सेटिंगं बदलत होतो. शेवटी जुना यूएसबी २.० हब मधे लावला आणि पुन्हा ट्री पाहिली: रूट हब, त्याखाली ४८० एमबीचा हब आणि त्याखाली १.५ एमबीचा कीबोर्ड. कळा लगेच उमटल्या. कारण समजून घेण्यासारखं आहे. यूएसबी २.० चा ईएचसीआय कंट्रोलर स्वतः फक्त ४८० एमबीच्या उपकरणांशी बोलतो. कमी वेगाचं उपकरण लागलं की तो तो पोर्ट सोबतच्या ओएचसीआय कंट्रोलरच्या हवाली करतो. यू-बूटच्या बिल्डमध्ये ओएचसीआयचा ड्रायव्हर नसेल तर पुढे तो पोर्ट कुणीच हाताळत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये दोन्ही ड्रायव्हर असतात, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. हब मधे आला की कमी वेगाचं बोलणं हबच ४८० एमबीच्या भाषेत उतरवून देतो, आणि ईएचसीआयला ओएचसीआयची गरज उरत नाही.

हबच्या आधी आणखी एक गोष्ट फुकटात करून बघता येते. बोर्डावर निळा, म्हणजे यूएसबी ३ चा पोर्ट असेल तर कीबोर्ड तिथे लावा. त्यामागचा एक्सएचसीआय कंट्रोलर सगळे वेग एकटाच सांभाळतो. मात्र त्याचा ड्रायव्हर यू-बूटमध्ये हवा.

हबनेही ट्री बदलली नाही तर वीज तपासा. पोर्टच्या ५ व्होल्टला चालू करणारा रेग्युलेटर बऱ्याच बोर्डांवर जीपीआयओवर (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणाऱ्या पिनवर) असतो, आणि यू-बूटच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्याची नोंद चुकलेली असू शकते. मल्टीमीटर लावला की मिनिटात कळतं. वीज आहे पण कीबोर्ड कधी सापडतो, कधी नाही, असं असेल तर ‘यूएसबी_पीगुड_डिले’ या व्हेरिएबलला १००० द्या. ही मिलिसेकंदं आहेत. पोर्टला वीज दिल्यावर यू-बूट तेवढा वेळ थांबेल.

मग हब की नवं बिल्ड? बोर्ड तुमच्याच टेबलावर असेल तर हब लावा आणि कामाला लागा. पेटीत बंद होणारा किंवा दुसऱ्याच्या हातात जाणारा बोर्ड असेल तर मी बिल्डच निवडेन: ओएचसीआय, यूएसबी कीबोर्ड आणि प्रीबूट, तिन्ही मेन्यूकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) चालू करून. हब उद्या कुणीतरी काढेल, बिल्ड तिथेच राहील. धोका किती, ते यू-बूट कुठे लिहिताय त्यावर ठरतं. एसडी कार्डावर तो जवळजवळ शून्य, बिघडलं तर कार्ड बदला. ऑलविनरच्या चिपसाठी कार्डावर ८ केबीपासून आणि रॉकचिपसाठी ६४व्या सेक्टरपासून लिहायचं असतं. एसपीआय फ्लॅशवर, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या छोट्या मेमरीवर, मात्र जपून. रॉकचिपच्या आरके३३९९ चिपचा बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला प्रोग्रॅम) सगळ्यात आधी एसपीआयच वाचतो, त्यामुळे तिथे बिघडलेलं यू-बूट बसलं तर चांगलं कार्ड घालूनही सुटका होत नाही. मास्करॉम मोडमध्ये (यूएसबीवरून चिपला थेट यू-बूट देता येतं त्या बचावाच्या मोडमध्ये) कसं जायचं, ते तुमच्या बोर्डासाठी आधी करून पाहिलेलं असेल तरच एसपीआयवर लिहा.

कुठलाही उपाय निवडा, त्याची परीक्षा रीसेट बटणाने घेऊ नका. रीसेटमध्ये बऱ्याच बोर्डांवर पोर्टची वीज जातच नाही आणि कीबोर्ड आधीपासून जागा असतो. वायर काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. असं सलग दहा वेळा करून दहाही वेळा मोजणी कीबोर्डवरून थांबली, की मगच सिरीयल केबल काढा.