स्मरणिकेतला शिल्पाचा फोटो: स्वतः काढावा की नेटवरून घ्यावा?

बेळगावजवळच्या उचगाव, कडोली, येळ्ळूरसारख्या गावात साहित्य संमेलन म्हटलं की स्मरणिका आली, आणि मुखपृष्ठावर पुतळा किंवा शिल्प आलंच. मग समितीत दोन तट पडतात. एक म्हणतो, नेटवरचा उचला, खाली 'साभार' टाका. दुसरा म्हणतो, कुणाला तरी पाठवून काढून आणा.

मी दुसऱ्या तटात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही. अंक विकत दिलात तरी नाही. राजहंसगडावरचा शिवपुतळा यात सरळ बसतो. मात्र मुभा फोटो-चित्रांपुरती. त्याच पुतळ्याची छोटी प्रतिकृती घडवून सन्मानचिन्हं वाटायची नाही. फोटोग्राफरला पैसे देऊन फोटो काढून घेतलात, तर वेगळं काही ठरलं नसल्यास फोटोचा हक्क मंडळाचा. (पुतळ्याचं उलटं आहे. वर्गणी काढून घडवून घेतला म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप मंडळाकडे येत नाही.)

नेटवरच्या फोटोत हक्कदार दोन: शिल्पकार आणि फोटोग्राफर. शिल्प चौकातलं असेल तर पहिल्याचा प्रश्न मिटतो, दुसऱ्याचा उरतो. 'साभार' म्हणजे परवानगी नव्हे. "फेअर यूज (परवानगीशिवाय वाजवी वापराची मुभा) आहे की!" म्हणणारे तर अमेरिकेचा कायदा बेळगावात लावतात. तिथेही तो दरवेळी तारत नाही. वॉशिंग्टनच्या कोरियन युद्ध स्मारकातल्या फ्रँक गेलॉर्ड यांच्या सैनिकशिल्पांचा फोटो टपाल तिकिटावर छापला गेला. फोटोग्राफरला पैसे मिळाले होते, शिल्पकाराला कुणी विचारलं नव्हतं. २०१० मध्ये अपील न्यायालयाने फेअर यूजचा बचाव फेटाळला.

फेअर यूजसारखी आपल्याकडची सवलत मोजक्या कारणांसाठी आहे: खाजगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी. समकालीन शिल्पकाराच्या प्रदर्शनावर परीक्षण असेल आणि चर्चा ज्या शिल्पाची त्याचाच फोटो नावासह आत दिला, तर बाजू भक्कम. तोच मुखपृष्ठावर शोभेला लावला तर समीक्षेची ढाल उरत नाही.

गणपतीचं काय? मंडळाची मूर्ती रस्त्यावर असली तरी कायमची नाही, विसर्जन होणारच. बातमीत फोटो चालेल. कॅलेंडरवर छापायचा तर मूर्तिकाराला विचारावं. व्हॉट्सॲपवर का होईना, होकार लेखी घ्या. त्यात अंकाचं नाव, पान, प्रती आणि पीडीएफ नेटवर टाकणार का, एवढं स्पष्ट असू द्या.